कातड्याचा पट्टा: धारेवरचा शेवटचा हात

कलमाच्या दिवसांत सकाळी बागेत उतरलो की मी लगेच काडीला हात घालत नाही. आधी खिशातला पट्टा काढतो, मांडीवर ठेवतो आणि सुरी त्यावर दहा-बारा वेळा ओढतो. टोळीत नवी आलेली पोरं हसतात. ‘मामा, सलून टाकलंय काय?’ म्हणतात. दुपारनंतर त्यांच्या काड्यांची पाचर उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागते, मग एकेक जण हळूच येऊन विचारतो, ‘तो पट्टा जरा देता का?’

मी तासगाव भागातला. द्राक्षाची कलमं बांधायला लागून सव्वीस वर्षं झाली. ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रानात आधी डॉगरिजसारखा जंगली खुंट, म्हणजे नुसत्या मुळांसाठीचा द्राक्षवेल, लावायचा. तो पेन्सिलीएवढा जाड झाला की ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमाराला त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध उभी चीर द्यायची आणि थॉम्पसन, तास-ए-गणेश, जी जात हवी तिची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. सालीखालचा हिरवा पातळ थर दोन्हीकडचा एकमेकाला भिडला पाहिजे. सुरीने लाकूड कापलं तर तो भिडतो, सुरीने लाकूड फाडलं तर मध्ये फट राहते आणि काडी वाळते. म्हणून धारेच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. तुमच्या घरची टोमॅटो चिरायची सुरी इतकी नाजूक नसेल, पण पट्टा तोच, रीतही तीच.

पट्ट्याविषयी एक गैरसमज आधी काढून टाकतो. कातडं धार लावत नाही. पूर्ण बोथट सुरी पट्ट्यावर तासभर ओढली तरी ती चकचकीत बोथट होईल, इतकंच. धार दगडावर लागते. दगडावर घासताना काठाचं पोलाद झिजतं आणि अगदी शेवटचा पापुद्रा दुसऱ्या बाजूला वळतो. मी त्याला कुसळ म्हणतो. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेच्या बाहेरच्या दिशेने आडवा सरकवला की ते बोटाला जाणवतं (धारेच्या लांबीने अंगठा कधीच फिरवायचा नाही, हे सांगायला लागू नये). दगडावरून उठवलेली सुरी पहिले चार काप झकास घेते आणि मग एकदम मरते, ती या कुसळामुळेच. ते मोडून पडतं आणि खाली खडबडीत काठ उरतो. पट्ट्याचं काम एवढंच: कुसळ काढायचं, काठ गुळगुळीत करायचा, आणि रोजच्या वापराने किंचित कललेली धार परत उभी करायची. हे रोज केलं तर दगडाकडे जायची वेळ महिन्या-दोन महिन्यांनी येते.

हे मला शिकवलं आमच्या गावातल्या सलूनवाल्या आबांनी. त्यांच्या खुर्चीच्या हाताला एक काळा तुकतुकीत पट्टा अडकवलेला असायचा. वस्तरा त्यावर सपासप आवाज करत जायचा-यायचा, आणि दाढीला हात घालण्याआधी शेवटचे दोन हात ते स्वतःच्या तळहातावर द्यायचे. तळहात हेही कातडंच की, म्हणायचे. पुढे अर्ध्या पातीचे वस्तरे आले, प्रत्येक गिऱ्हाईकाला नवी पाती, आणि पट्टा खिळ्यावर लटकत राहिला. मी कलमाची सुरी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो उतरवून दिला. पहिल्याच आठवड्यात मी त्याला मधोमध आडवा काप दिला. सुरी परतताना धार पुढे गेली, झालं. आबांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, ‘आता स्वतःचा कर.’ म्हणून मी करायला शिकलो.

कुठलं कातडं घ्यायचं

बहुतेकांची फसगत इथेच होते. बाजारात मिळणारं मऊ, रंगीत, पर्स-जॅकेटचं चामडं बहुधा क्रोमने कमावलेलं असतं. ते ताणतं आणि दबतं. सुरी दाबली की खड्डा पडतो आणि सुरी उचलताना ते कातडं धारेला गुंडाळल्यासारखं वर येतं. त्याने कुसळ जातं, पण काठ गोल होतो. आपल्याला हवं सालीने कमावलेलं, ताठ, वाकवलं तर जरा कुरकुरणारं कातडं.

आणि ते आपल्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही. कोल्हापुरी चप्पल! तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे या पट्ट्यात कुठेही राहत असाल तर चप्पल बांधणारा कारागीर जवळपास असतोच. त्याच्याकडे तळाचं कातडं कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. मी कोल्हापूरला गेलो की चप्पल लाइनीत नुसती दुकानं बघत बसत नाही, माल कुठे बांधला जातो ते विचारून थेट कारागिराकडे जातो. ‘तळाच्या कातड्याची, दहा इंच लांब, तीन इंच रुंद, डाग-सुरकुती नसलेली पट्टी’ एवढं सांगितलं की काम होतं. शेवटच्या वेळी मला दोन पट्ट्या चहा-वड्याच्या पैशात मिळाल्या. ‘सुरीला पाहिजे’ म्हटल्यावर त्या कारागिराने आपली रापी, म्हणजे कातडं कापायचं हत्यार, दाखवली. तीही तो कातड्याच्याच तुकड्यावर ओढून घेतो. पुढची दहा मिनिटं आमची रापीवरच चर्चा.

२०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आता हाताला येतं ते बहुतेक म्हशीचं. पट्ट्याला ते छान चालतं. जरा रवाळ असतं, एवढंच.

मुंबईकरांना धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडच्या बाजूला चामड्याची दुकानं आहेत, आणि कुर्ला-चेंबूरकडे ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बुटांचा कच्चा माल मिळतो. तिथे मात्र क्रोमचा माल मुबलक, तेव्हा पारखून घ्या. पारख सोपी आहे. तुकड्याची कापलेली कड बघा. सालीने कमावलेलं कातडं आतपर्यंत तपकिरी, बिस्किटी दिसतं. क्रोमच्या कडेला आत निळसर-राखाडी झाक असते. नुसत्या, रंग न दिलेल्या कातड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर सालीचं कातडं तो पिऊन काळपट होतं. दुकानदार ओळखीचा असेल तर एक चिंधी जाळून बघता येते, क्रोमची राख हिरवट पडते. अनोळखी दुकानात काडेपेटी काढू नका, मी एकदा काढली होती.

जाडी दोन ते तीन मिलिमीटर. त्याहून जाड पण घट्ट असेल तरी हरकत नाही. जाड आणि मऊ मात्र नको.

जुना कमरेचा पट्टा चालेल का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. आधी कापून बघा. बऱ्याच पट्ट्यांत वरखाली पातळ चामडं आणि मध्ये पुठ्ठा किंवा चामड्याचा भुसा चिकटवलेला असतो. एकसंध कातड्याचा निघाला तर मागची बाजू वापरा, पुढच्या बाजूला रंग आणि लेप असतो. रेक्झिन असेल तर ते काही उपयोगाचं नाही.

आणि यातलं काहीच आज हाताशी नसेल, तर सपाट फळीवर वर्तमानपत्राची चार-पाच पानं ताणून गुंडाळा आणि त्यावर ओढा. जुन्या जीन्सच्या कापडानेही भागतं. कातड्याची सर येत नाही, पण रविवारच्या कांद्याला पुरतं.

पट्टा बांधायचा कसा

सलूनमधला पट्टा लटकता असतो, कारण वस्तऱ्याची पाठ पट्ट्यावर टेकते आणि कोन आपोआप मिळतो. सुरीला तसं नसतं. लटकता पट्टा मध्ये झोळ खातो आणि सुरीची धार गोल करतो. म्हणून सुरीसाठी कातडं फळीवर चिकटवायचं.

फळी सागाची असो, प्लायची असो, सुताराकडच्या तुकड्यांतली असो, पण सपाट पाहिजे. एक फूट लांब, अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड. लोखंडी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा, खालून उजेड दिसला तर रंधा मारून घ्या. एका टोकाला चार बोटं जागा धरायला मोकळी सोडा.

कातड्याला दोन बाजू. केसांची बाजू गुळगुळीत, मांसाची बाजू लवदार. पॉलिश (बुटाचं नव्हे, धातू चकाकवायचं, त्याचं पुढे सांगतो) लावून वापरायचं असेल तर मांसाची बाजू वर ठेवा, ती पॉलिश धरते. लव फार असेल तर १५०-२०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून कोरडाच घासा. धूळ उडते, तोंडाला फडकं बांधा. केसांची बाजू वर घेतली तर ती शेवटच्या, बिनपॉलिशच्या हातासाठी उत्तम. मी फळीच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला दुसरी लावतो, पण ही माझी हौस. एकच करायची असेल तर मांसाची बाजू वर.

चिकटवायला चांभाराकडचं पिवळं सोल्युशन घ्या. माझा पहिला पट्टा मी लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवला होता. त्यातल्या पाण्याने कातडं फुगलं, आणि वाळल्यावर मध्ये दोन उंचवटे आले. सुरी त्यावरून उड्या मारत जायची. सोल्युशन फळीला आणि कातड्याला, दोन्हींना पातळ लावायचं आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. बोट लावल्यावर चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला आलं नाही पाहिजे. मग एका टोकाकडून टेकवत जायचं, कारण एकदा टेकलं की सरकवता येत नाही. म्हणून कातडं चिकटवायच्या जागेपेक्षा सगळीकडून थोडं मोठं कापलेलं बरं. वरून लाटणं दाबून फिरवा (घरात विचारून घ्या), कातड्याची बाजू खाली करून सपाट फरशीवर ठेवा, वर गव्हाच्या पिठाचा डबा ठेवा आणि रात्रभर विसरा. सकाळी बाहेर आलेली कड सुरीने छाटून टाका.

आता तेल. कुणीतरी सांगतं, कातड्याला तेल पाजलं की ते टिकतं. खरं आहे, वहाणेच्या बाबतीत. मी एका नव्या पट्ट्याला खोबरेल तेल चांगलं चोळून मुरवलं. तो मऊ पडला, पॉलिश त्यावर टिकेना, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या वस्तीवरच्या कुत्र्याने तो ओट्यावरून पळवला. उसाच्या फडात फळी सापडली, कातडं नाही. तेव्हापासून नव्या पट्ट्याला तेल बंद. फार कोरडा पडून तडा जायला लागला तरच तळहाताला तेलाचं एक बोट पुसून तो हात वरून फिरवायचा.

पॉलिश

नुसत्या कातड्यानेही काम होतं, पण पॉलिश लावलं की ते निम्म्या वेळात होतं. स्टीलच्या भांड्यांना चकाकी आणायला जो हिरवा साबणासारखा ठोकळा वापरतात, तो घ्या. त्यात क्रोमियम ऑक्साइडची भुकटी असते, मेणात मळलेली. याच भुकटीची निव्वळ, बारीक जात अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास मिळते. ठोकळे त्या मानाने भरड असतात, पण घरच्या सुरीला भरपूर झाले. लाल ठोकळा लोखंडाच्या ऑक्साइडचा, तो सोन्या-चांदीच्या कामातला आणि पोलादावर सावकाश चालणारा. माझा पहिला हिरवा ठोकळा हुपरीच्या पाहुण्यांनी आणून दिला, तिथे घरोघर चांदीचं काम चालतं. नाहीतर पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. एक ठोकळा मला पाच-सहा वर्षं पुरतो.

पट्टा अर्धा तास उन्हात ठेवा, म्हणजे कातडं कोमट होतं. मग ठोकळा खडूसारखा फिरवा. हिरवी झाक आली की थांबा. लोक थर देतात आणि मग ढेकळं होतात, सुरी त्यावर घसरते. जास्त झालंच तर जुन्या सुरीच्या पाठीने खरवडून काढा.

हात

सुरी आधी पुसा. कलमाच्या सुरीवर काडीचा रस वाळलेला असतो, घरच्या सुरीवर लिंबू-कांदा. तो पट्ट्यात गेला की पट्टा खराब.

फळी टेबलाच्या कडेला, लांबी आपल्यापासून पुढे जाईल अशी सपाट धरा. सुरीची धार आपल्याकडे आणि पाठ पुढे असेल तर ढकलायचं. धार पुढे आणि पाठ आपल्याकडे असेल तर ओढायचं. ध्यानात ठेवायचं ते एकच: पाठ पुढे चालते, धार मागून येते. दगडावर बरेच जण धार पुढे घालून चालवतात, ती सवय इथे घेऊन आलात की कातडं कापलं.

कोन दगडावर जो धरला तोच. चार सेंटिमीटर रुंद पातं असेल तर पाठ साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर उचललेली असते. खात्री नसेल तर धारेच्या उतारावर (दगडाने घासलेल्या काठाजवळच्या तिरक्या भागावर) मार्कर पेनने रंग द्या आणि दोन हात मारून बघा. रंग उतारावरून धारेच्या अगदी काठापर्यंत पुसला गेला तर बरोबर. नुसता वरच्या अंगाला पुसला गेला तर पाठ थोडी उचला. काठालाच नुसती बारीक रेघ पुसली गेली आणि बाकी रंग तसाच राहिला तर कोन जास्त झालाय.

दाब सुरीच्या वजनाइतका. हे ऐकून सगळे मान डोलावतात आणि मग दाबतात. कातडं दबलं की ते धारेच्या पुढे फुगून वर येतं आणि काठ गोल करतं. आवाज ऐका. हलक्या हाताचा आवाज सलग, कापड फिरवल्यासारखा येतो. दाबलं की तो भरड, घुमा होतो.

टोकाला पोचलात की आधी थांबा, मग सरळ वर उचला. बहुतेकांची मेहनत याच क्षणी वाया जाते, कारण हात संपताना मनगट वळतं आणि शेवटच्या इंचात धार उलथते. सुरी हवेत परतवा आणि मग दुसरी बाजू टेकवा. आबांच्या वस्तऱ्यासारखं झपझप परतवायचा मोह आवरा. ते तीस वर्षांनी करायचं.

दगडावरून आलेल्या सुरीला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पंधरा-वीस हात. नुसती थोडी कललेली असेल तर पाच-सहा पुरे. शंभर हात मारून काही जास्त मिळत नाही.

कलमाच्या सुरीला, आणि सुताराच्या पटाशीला, उतार एकाच बाजूला असतो. तिथे उताराच्या बाजूने आठ हात, सपाट बाजूने दोन, आणि सपाट बाजू पट्ट्यावर पूर्ण झोपवून. ती जरा जरी उचलली तरी दुसरा उतार तयार होतो आणि पाचरीचं तोंड सरळ येत नाही. साधारण पन्नास काड्यांनंतर मी एकदा पट्टा घेतो. काडी जून असेल तर तीस.

विळीचं काय, असं आमच्या घरातूनच विचारणं झालं. विळीचं पातं पट्ट्यावर नेता येत नाही, तेव्हा पट्टा विळीकडे न्यायचा. वीतभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी घ्या, तिच्यावर कातडं चिकटवा आणि विळीवर नीट पाय ठेवून ती पट्टी हातात धरून पात्याच्या एका अंगाने फिरवा. दिशा नेहमी पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या पलीकडे हवेत. पट्टी धारेवर उलटी आणायची नाही. रुंद फळी बाकात नीट बसत नाही म्हणून पट्टी अरुंद हवी. मोकळा हात पाठीमागे ठेवा, खरंच.

झालं का ते बघायला लोक हातावरचे केस काढून दाखवतात. मी वर्तमानपत्राचं पान एका हाताने धरतो आणि कडेवर सुरी नुसती टेकवून ओढतो. सलग उतरली तर झालं, एखाद्या जागी अडखळली तर तेवढ्याच जागी कुसळ शिल्लक आहे. बागेत हिरव्या काडीवर तिरका काप देतो आणि तो उन्हाकडे धरतो. काप काचेसारखा चमकला पाहिजे.

घरच्या सुरीवर हिरवं पॉलिश राहतं, तेव्हा भाजीला लावण्याआधी साबणाने धुवा.

पट्टा हळूहळू काळा पडतो. ते पोलाद आहे, घाबरायचं काही नाही. काळा आणि काचेसारखा तुकतुकीत झाला की मात्र तो धरत नाही. सुरीच्या पाठीने खरवडा, पॉलिश पेपर हलका फिरवा, हिरवा ठोकळा परत लावा. वर्षातून एक-दोनदा. काप पडला तर कापाच्या वर आलेल्या कडा घासून सपाट करा, खोलगट जागा राहिली तरी चालते. आबांच्या पट्ट्यावरचा माझा काप मी असाच बसवला.

पावसाळ्यात पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी धरतो. आलीच तर कोरड्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाऱ्याला ठेवा. मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवतो, उंदराच्या भीतीने पत्र्याच्या डब्यात. खिशातला छोटा पट्टा वेगळा: सहा इंचांची पट्टी, मागे प्लायचा तुकडा, एका टोकाला भोक आणि त्यात सुतळी. ती सुतळी कमरेला बांधायची, नाहीतर संध्याकाळी वेलीखाली शोधत बसावं लागतं.